ट्रान्झिट कॅम्पातला चालू काळ

कॉलेजातून फोन आला तेव्हा मी घाटकोपरच्या क्लासमध्ये दहावीच्या मुलांना इंग्रजीतले काळच शिकवत होते. फोनवर इंग्रजी विभागाच्या प्रमुख मॅडम स्वतः होत्या. मुलाखत सोमवारी, मुलुंडला. आधी प्रश्न, मग वर्गासमोर वीस मिनिटांचं लेक्चर. विषय त्यांनीच दिला: इंग्रजीतला चालू काळ, म्हणजे 'आय ॲम गोइंग'वाला, कसा घडला आणि कसा बदलत आला. "फळा वापरा. स्लाइड नकोत," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पूर्णवेळ जागा होती, आणि एकच होती.

त्या जागेची आमच्या घराला किती गरज होती ते आधीच सांगते. पप्पा साकीनाक्याला एका गाळ्यात ऑफसेट मशीन चालवायचे. लग्नपत्रिका, औषधाच्या खोक्यातले घडीचे कागद, दुकानांची बिलबुकं. मालकाने गाळा विकायला काढला होता आणि महिनाअखेरीला मशीन भंगारात जाणार होती. पप्पांच्या वयाच्या माणसाला नवीन मशीनवर कोणी उभं करत नाही. माझे क्लासचे तास परीक्षा संपल्या की बंद पडतात. म्हणजे उन्हाळ्यात आमच्या घरात कामावर जाणारं कोणी राहणार नव्हतं. आई हे बोलून दाखवायची नाही. फक्त त्या आठवड्यात तिने मला पाण्याच्या रांगेला पाठवणं बंद केलं. "तू वाच," म्हणायची.

आम्ही मानखुर्दच्या ट्रान्झिट कॅम्पात राहतो. घाटकोपरला रस्ता रुंद करायचा म्हणून आजोबांची झोपडी गेली, तेव्हा सगळ्यांना इथे आणून ठेवलं. तात्पुरती सोय म्हणून. आमच्या नावाची इमारत घाटकोपरला उभी राहणार होती. माझा जन्म या तात्पुरत्या सोयीत झाला. शाळा, कॉलेज, एमए, सगळं इथूनच. क्लासला जाताना बस त्या इमारतीच्या जागेवरून जाते. पत्रे लावलेत, आत रान माजलंय आणि बाहेर बोर्ड आहे: 'पुनर्वसन इमारतीचे काम चालू आहे.' इमारत वाढत नाही. पण बोर्डावरची अक्षरं पुसट झाली की कोणीतरी येऊन ती नव्याने रंगवून जातं. रंगवणारा माणूस मी कधी पाहिला नाही.

चालू काळाशी माझं वैर त्या बोर्डापासूनचं आहे.

आणि पत्रकांपासूनचं. पप्पा सुटी झाल्यावर मालकाला विचारून उरलेल्या कात्रणांवर कॅम्पाच्या समितीची पत्रकं छापायचे. गुलाबी, पिवळी, कधी अर्धी हिरवी. बिघडलेली पत्रकं घरी यायची आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायची. उलटी केली की 'जाहीर निषेध'. अक्षरओळख मला तिथेच झाली. सातवीत होते तेव्हा नळाला चार दिवस पाणी नव्हतं, आणि समितीच्या काकांनी मजा म्हणून मला पत्रक लिहायला सांगितलं. मी ऐटीत लिहिलं: 'कॅम्पातील रहिवाशांवर अन्याय केला जात आहे. पाणी तोडले जात आहे.' मोठी माणसं असंच लिहितात असं मला वाटायचं.

पप्पांनी वाचलं आणि विचारलं, "कोण तोडतंय?"

"म्हणजे?"

"पाणी आपोआप तुटतं का? कोणीतरी चावी फिरवतो ना. त्याला वाक्यात घे. नाव माहीत नसेल तर हुद्दा घे. 'केले जात आहे' म्हणजे कोणीच करत नाही."

त्या दिवसापासून घरात नियम झाला. 'जात आहे' दिसलं की पप्पा पेनाने गोल करायचे. मी पुढे समितीची सगळी पत्रकं लिहिली आणि माझ्या एकाही पत्रकात कर्त्यावाचून क्रियापद गेलं नाही. काही जणांना ते झोंबलंही. झोंबावं म्हणूनच लिहायची.

सोमवारच्या आधी मी घरात तालीम केली. कपाटाच्या दाराला काळा कागद चिकटवला, खडू आणला. समोर पप्पा खाटेवर, आई जमिनीवर बसून गवारीच्या शिरा काढत होती.

"फार पूर्वी," मी सुरू केलं, "इंग्रजीत 'जातो' आणि 'जातोय' यांत फारसा फरक करत नव्हते. 'आय गो' म्हटलं की दोन्ही आलं. आत्ता, या क्षणी जातोय असं वेगळं सांगायची सक्ती नव्हती."

"मग कळायचं कसं?" आई म्हणाली.

"समोरच्याकडे बघून. तू 'येते हां' म्हणतेस आणि उठतेस, तेव्हा कळतं ना. वेगळं रूप होतं, नाही असं नाही, पण ते विशेषणासारखं. 'तो लढणारा होता' असं काहीतरी. शेवटी 'एंडे' लागायचं. पुढे त्या 'एंडे'चं 'इंग' झालं. आणि दुसरीकडून अजून एक वाक्य चालत आलं. 'ही इज ऑन हंटिंग.' तो शिकारीवर आहे."

"पप्पा कामावर आहेत, तसं," पप्पा म्हणाले.

"तस्संच. मग ते 'ऑन' बोलता बोलता झिजलं. 'ऑन हंटिंग'चं 'अ-हंटिंग' झालं, मग 'अ' पण गळाला. राहिलं 'हंटिंग'. आता यातलं खरं मूळ कोणतं, पहिलं की दुसरं की दोन्ही मिसळली, यावर पंडितांचं अजून एकमत नाही."

"म्हणजे त्यांचंही 'करीत आहे'चं 'करतोय' झालं," पप्पा म्हणाले. "साधी माणसं बोलतात तशी भाषा झिजते."

मला ते आवडलं. मी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं.

"आता मजा ऐक," मी आईला म्हटलं. "घर बांधलं जातंय, हे इंग्रजांना बराच काळ नीट म्हणताच येत नव्हतं. ते म्हणायचे, 'द हाउस इज बिल्डिंग.' घर बांधतंय."

आईने मान वर केली. "घर स्वतःच बांधतंय?"

"शब्दशः तसंच."

"मग आपलं का नाही बांधत?"

पप्पा हसायला लागले, मग खोकायला लागले. आई हसली नाही. तिने खरंच विचारलं होतं.

मी पुढचं सांगितलं. अठराव्या शतकाच्या शेवटी काही लोक 'इज बीइंग बिल्ट' असं बोलू-लिहू लागले आणि एकोणिसाव्या शतकात व्याकरणाची माणसं त्यांच्यावर तुटून पडली. हे काय ओबडधोबड, रानटी रूप आहे, असली इंग्रजी आमच्या बापजाद्यांनी कधी लिहिली नाही. तरी लोक बोलत राहिले. शेवटी व्याकरणवाले थकले. आज तेच रूप ते आपल्याला पट्टीने मारून शिकवतात.

"म्हणजे चूक करणारे जिंकले," पप्पा म्हणाले.

"हो. आणि जिंकून त्यांनी काय आणलं, बघा. 'इज बीइंग बिल्ट'. बांधले जात आहे. कोण बांधतंय त्याचा पत्ता नाही. तुम्ही पेनाने गोल करता तेच."

पप्पा खाटेवर सावरून बसले. मग म्हणाले, "हे कॉलेजात बोलणार तू?"

"का नको?"

"बोल. पण आधी नोकरी घे, मग बोल."

"असं तुम्ही म्हणताय?"

"मीच म्हणतोय," पप्पा म्हणाले आणि खाटेवर आडवे झाले.

मला त्याचा राग आला. ज्या माणसाने मला कर्ता शोधायला शिकवलं तो मला चार दिवस कर्ता लपवायला सांगत होता. रागाच्या भरात मी रात्री लेक्चरमधला इमारतीचा भाग कमी करायच्या ऐवजी वाढवला.

मुलुंडचं ते कॉलेज स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. मुलाखतीला आम्ही तिघं होतो. माझा नंबर शेवटचा. आत लांब टेबल, मध्ये प्रमुख मॅडम, शेजारी बाहेरून बोलावलेले तज्ज्ञ, एक निवृत्त प्राध्यापक. पांढरा शर्ट, पेनाचं टोपण नीट मागे खोचलेलं. ते मराठीच होते आणि आवाज अगदी मऊ होता. मला दोघांपैकी त्यांचीच भीती वाटली.

त्यांनी इंग्रजीत सांगितलं, स्वतःबद्दल बोला.

मी प्रबंधाबद्दल बोलायचं ठरवलं होतं, क्लासमधल्या अनुभवाबद्दल ठरवलं होतं. सगळी वाक्यं पाठ होती. कुठे राहता हे कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं, आणि कोणी विचारलंही नाही. तरी तोंडातून पहिलं तेच आलं: "आय ॲम लिव्हिंग इन अ ट्रान्झिट कॅम्प इन मानखुर्द सिन्स बर्थ."

मी जन्मापासून तिथेच राहतेय. मराठीत त्या वाक्याला नाव ठेवायला जागा नाही. म्हणूनच ते तसंच्या तसं उठून इंग्रजीत जाऊन बसलं. माझ्या क्लासमधली पोरं रोज हीच चूक करतात आणि मी रोज तिला लाल शाई लावते.

सरांनी पेन खाली ठेवलं. "पुन्हा म्हणा," ते मराठीत म्हणाले.

मी पुन्हा म्हटलं नाही. "सर, सिन्स आलं की 'हॅव बीन लिव्हिंग' हवं. चूक झाली."

"हे नववीचं आहे."

"हो सर."

"आणि दुसरं. चालू काळ तात्पुरत्या गोष्टीसाठी. जन्मापासून राहता तर तात्पुरतं कसलं? सरळ 'आय लिव्ह' म्हणा. तुम्ही आज आम्हाला हाच विषय शिकवणार आहात ना?"

आईने इस्त्री केलेला कुडता पाठीला चिकटला. पप्पांचं वाक्य आठवलं, आणि ते आठवलं म्हणूनच मी उलट बोलले.

"पहिली चूक मान्य आहे, सर. दुसरी नाही. कॅम्प तात्पुरताच आहे. तसं लेखी दिलंय आम्हाला. मी 'आय लिव्ह' म्हटलं तर ती जागा मी कायमची मानली असं होईल. ते मी मानत नाही."

"पण जन्मापासून?"

"तेही खरं आहे. या दोन गोष्टी एका वाक्यात बसत नाहीत, तर तो दोष माझा नाही."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. सर जरा पुढे झुकले. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बसतात," ते म्हणाले. "इंग्रजीने त्याची सोय करून ठेवली आहे. आय हॅव बीन लिव्हिंग. तेव्हापासून, अजूनही, आणि बहुतेक कायमचं नाही. तुम्हाला हवं ते सगळं त्यात आहे. तुम्ही ते वाक्य आत्ता स्वतःच उच्चारलंत, फक्त चूक सुधारायची म्हणून. ऐकलं नाहीत."

माझ्या सगळ्या आयुष्याचं वाक्य माझ्याच हातात होतं आणि ते मला या माणसाने उलगडून दाखवलं, ज्याने कॅम्प कधी पाहिला नसेल. मला त्याचा राग धरता येईना, कारण तो बरोबर होता.

मग मॅडम बोलल्या. त्यांचा प्रश्न साधा होता. "उत्तरपत्रिकेत एखाद्या मुलाने 'आय ॲम लिव्हिंग सिन्स' लिहिलं तर तुम्ही काय कराल?"

"चूक म्हणून खूण करेन, मॅडम. आणि शेजारी लिहीन की ही चूक कुठून येते. मराठीतून, हिंदीतून. मूर्खपणातून नाही."

"प्रत्येक पेपरवर?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"हे शिकवणं नाही. मोर्चा आहे."

"मोर्च्यातही शिकवतात, सर."

बोलून गेले. सरांच्या ओठाचा कोपरा हलला. तो हसण्याचा होता की कशाचा, कळलं नाही. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "चला वर्गात."

वर्गात प्रथम वर्षाची मुलं बसवली होती. माझ्याआधी दोन उमेदवारांनी त्यांना पिडलं होतं, त्यामुळे ती कंटाळून बाकांवर सांडली होती. सर आणि मॅडम मागच्या बाकावर बसले. हातात खडू आला तसा माझा श्वास जरा जाग्यावर आला. खडू असला की मी बरी असते.

मी पप्पांचंच उदाहरण घेतलं. "माझे वडील कामावर आहेत," मी म्हटलं. "आता यातून 'वर' काढून टाका आणि 'काम'ला क्रियापद करा." मुलं ऐकायला लागली. 'एंडे' सांगितलं, 'ऑन' कसं झिजलं ते फळ्यावर एकेक अक्षर पुसून दाखवलं. पुढच्या बाकावरची मुलगी पुटपुटली, "म्हणजे आपल्या 'करतोय'सारखं," आणि मी तिला उभं करून तेच मोठ्याने बोलायला लावलं. 'तो नेहमी उशिराच येतोय' असं चिडून म्हणताना इंग्रजही 'ऑलवेज'बरोबर चालू काळ वापरतो, हे सांगितल्यावर मागच्या पोरांनी लगेच आपल्यातल्या एकाकडे बोट दाखवलं.

"मॅडम," त्याच पोराने सूड म्हणून मला विचारलं, "मग 'आय ॲम नोइंग' पण उद्या बरोबर होणार काय?"

"होईल कदाचित. 'नो', 'लव्ह', 'वॉन्ट' असली क्रियापदं चालू काळात घेत नाहीत असा नियम आहे, पण त्यातल्या काहींना लोक आत्ताच हळूहळू घ्यायला लागलेत."

"मग मी लिहू ना?"

"तुझी परीक्षा मार्चला आहे. भाषा मार्चपर्यंत बदलणार नाही."

वर्ग हसला. मागच्या बाकावर मॅडमही हसल्या, मी पाहिलं. त्या क्षणी जागा माझी आहे असं मला वाटलं.

मग मी फळ्यावर लिहिलं: 'द बिल्डिंग इज बिल्डिंग.' त्याखाली: 'द बिल्डिंग इज बीइंग बिल्ट.'

आणि जिथे मी थांबायला हवं होतं तिथे थांबले नाही. दुसरं वाक्य किती शिव्या खाऊन भाषेत आलं ते सांगितलं. ते ठीक होतं. पण मग मी विचारलं, "यात बांधणारा कुठे आहे?" मुलांनी वाक्यात शोधलं. नव्हता. "तुमच्या एरियात असे बोर्ड आहेत?" एकाने भांडुपचा पूल सांगितला, दुसरीने त्यांच्या नाल्याचा. हात वर व्हायला लागले. मी प्रत्येकाचं वाक्य फळ्यावर घेतलं आणि प्रत्येकाखाली विचारलं, कोण? वर्ग पेटला होता. मुलं एकमेकांना तोडून बोलत होती. घाटकोपरचा बोर्ड मी शेवटी लिहिला. तो कोणाचा हे सांगितलं नाही.

सरांनी मनगटावरच्या घड्याळावर बोटाने टकटक केलं. वीस मिनिटं कधीच संपली होती. आजचा वापर, बातम्यांतली, जाहिरातींतली, आपल्याकडची इंग्रजी, विषयाचा तो सगळा उत्तरार्ध माझ्या वहीत तसाच राहिला.

"थँक यू," मॅडम म्हणाल्या. "कळवू."

घरी पप्पांनी विचारलं, "बोललीस?"

"बोलले."

"सगळं?"

"अर्धं."

त्यांना वाटलं मी आवरतं घेतलं. त्यांनी बरं वाटून मान हलवली. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

महिना संपला. मशीन गेली त्या दिवशी पप्पा लवकर घरी आले, हाताखाली कात्रणांचा एक गठ्ठा. मालकाने दिला म्हणाले. तो त्यांनी खाटेखाली सरकवला आणि हात धुवायला गेले. शाईचे हात घासायला त्यांना नेहमी वेळ लागतो. त्या दिवशी ते घासतच राहिले. आई मोरीच्या दारात टॉवेल घेऊन उभी होती.

कॉलेजातून काहीच आलं नाही. मी फोन केला. ऑफिसमधल्या माणसाने माझं नाव विचारलं, वाट पाहायला लावलं आणि ऐटदार इंग्रजीत सांगितलं, "युवर केस इज बीइंग कन्सिडर्ड."

आपल्या प्रकरणाचा विचार केला जात आहे.

मी फोन ठेवला. खाटेवर पप्पा बसले होते, त्यांनी ते ऐकलं होतं. "काय म्हणाला?"

मी मराठीत सांगितलं. पप्पांनी खिशाला हात लावला. पेन खिशात नव्हतं. ते पेन फक्त कामावर जाताना खिशाला लावायचे.

दुसऱ्या दिवशी मी मुलुंडला गेले. बोलावलं नव्हतं. विभागाच्या खोलीत मॅडम एकट्या डबा खात होत्या. मला पाहून त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"मॅडम, माझ्या प्रकरणाचा विचार चालू आहे असं कळलं," मी म्हटलं. मी खुर्चीची पाठ धरून उभी होते. "मला फक्त विचारायचंय, कोण करतंय?"

आता बाहेर काढतील असं वाटलं.

"बस," त्या म्हणाल्या. तोवर त्या मला अहो-जाहो करत होत्या. "मी करत होते. झालाय करून. पत्र निघायचं राहिलंय. ती जागा तुला नाही."

मी बसले.

"सरांमुळे असं समजू नकोस. त्यांनी तुला सगळ्यांत जास्त मार्क दिले. मला म्हणाले, हिला घ्या. मी कमी दिले."

"का?"

"अर्धा विषय राहिला म्हणून. त्या मुलांची युनिव्हर्सिटीची परीक्षा असते आणि प्रश्न पूर्ण विषयावर येतो. त्यांना तू आवडलीस. मलाही. पण तू इमारतीपाशी थांबलीस आणि त्यांना तिथेच ठेवून निघालीस. वर्ग तुझा नव्हता त्या दिवशी, त्यांचा होता."

मला खूप काही बोलायचं होतं. इमारतीपाशी मी थांबले नाही, मला थांबवून ठेवलंय, असं एक झकास वाक्य तोंडात तयार होतं. मी ते गिळलं. कारण मॅडमनी माझ्या तोंडावर 'मी' म्हटलं होतं. आजवर आम्हाला जेवढे नकार आले, घराचे, पाण्याचे, दाखल्याचे, त्यांतला एकही कोणी स्वतःच्या नावावर घेतला नव्हता.

"तासिका तत्त्वावर काही तास आहेत," मॅडम म्हणाल्या. "जूनपासून. प्रथम वर्ष. हवेत?"

तासिका तत्त्व म्हणजे तासाला पैसे, सुटीत काही नाही, वर्ष संपलं की तुम्ही नव्याने उमेदवार. माणसांना वर्षानुवर्षं असं तात्पुरतं वापरण्याविरुद्ध मी स्वतः पत्रक लिहिलं होतं. 'शिक्षकांची वेठबिगारी', पिवळ्या कागदावर.

"पुढच्या वर्षी पूर्णवेळ होईल?"

"माझ्या हातात नाही."

"कोणाच्या हातात आहे?"

मॅडम हसल्या. थकून हसल्या. "ते पत्रक तू लिही. मी वाचेन."

मी तास घेतले. आजही त्याबद्दल माझ्या मनात भांडण आहे, आणि जिने ते पिवळं पत्रक लिहिलं तीच बहुतेक वेळा त्यात जिंकते. पण तरी घेतले. जूनमध्ये पहिल्या तासाला मी चालू काळ शेवटपर्यंत शिकवला, उत्तरार्धासकट, आणि तास संपायला पाच मिनिटं उरली तेव्हा बोर्डाचं वाक्य काढलं.

पप्पा आता कॅम्पातल्या एका पोराच्या झेरॉक्सच्या दुकानात दुपारी बसतात. खाटेखालचा गठ्ठा अजून तिथेच आहे, पत्रकांना लागून वरचे थोडे कागद कमी झालेत.

जूनमधल्या त्याच पहिल्या आठवड्यात एका सकाळी मी आईबरोबर नळावर होते. पाणी बारीक येत होतं, हंडा भरायला वेळ लागत होता. मागच्या खोलीतल्या मावशींनी माझ्या खांद्यावरची कॉलेजची पिशवी बघितली आणि आईला विचारलं, "पोरगी काय करते गं सध्या?"

"कॉलेजात शिकवते," आई म्हणाली.

शिकवतेय, आई. सध्या शिकवतेय. वर्षभर, तासावर. माझं तोंड उघडलं होतं. नळापलीकडे पप्पा दात घासत उभे होते, त्यांनीही ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"परमनंट का?" मावशींनी विचारलं.

"शिकवते ना," आई म्हणाली आणि हंडा सरकवून कळशी नळाखाली धरली. "तू जा गं, तुला उशीर होईल."

मी काही सुधारलं नाही. हंडा उचलून घरात ठेवला आणि बस पकडायला निघाले.